हिरवा थर

एर्सिलियाच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं, त्याच वर्षी फ्लॉरेन्समधल्या त्यांच्या घरात नीवेस ही सावत्र बहीण आली. वडिलांनी तिलाही एर्सिलियाच्याच मास्तरांकडे तैलरंग शिकायला घातलं.

दोघी एकाच जुन्या चित्राची नक्कल करत होत्या: बाळाला मांडीवर घेतलेली मारियामाता. जिची नक्कल सरस ठरेल, तिचं चित्र चर्चमध्ये लागणार होतं. चेहऱ्याला आधी हिरवा थर आणि तो वाळला की वर गुलाबी, अशी मास्तरांची रीत. नीवेसची मारिया टवटवीत दिसू लागली. एर्सिलियाची मात्र कितीही गुलाबी चढवला तरी पुन्हा हिरवी पडे.

"अगं, बाईला जेवायला तरी घालत जा," मास्तर म्हणाले. न्यायला आलेले वडीलही हसले.

"माझा गुलाबी घे ना," नीवेसने आपली पॅलेट पुढे केली.

'तुझं सगळंच घेते,' असं मनात म्हणत एर्सिलियाने तो रंग लावला.

सकाळी मारिया गुलाबी होती. तिच्या गालावर एक तीळही होता. मूळ चित्रात तो नव्हता. तैलरंग एका रात्रीत वाळत नाही; हा वाळला होता आणि बोटाला कोमट लागत होता.

नीवेस आत आली. "आज उजेड कमी आहे का गं?" तिच्या गालावरचा तीळ नाहीसा झाला होता. डोळ्यांखालची कातडी हिरवट दिसत होती.

एर्सिलियाने रंग खरवडायची सुरी उचलली.

"हात लावू नकोस," मागून मास्तर म्हणाले. "हीच लागणार चर्चमध्ये."

एर्सिलियाने सुरी खाली ठेवली.

नीवेस त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी वारली.