ओले पट्टे

रंगाऱ्याचा सातवा पट्टा पुरा होतोय न होतोय, तोच ती गाडी आली.

अर्धा रस्ता बंद होता. सहा नारिंगी कोन, त्यांच्यामधून ताणलेली दोरी, दोरीवर ‘रंग ओला आहे’ अशी पाटी, आणि पाटीपुढे लाल झेंडा घेऊन रंगाऱ्याची बायको. गाड्यांना उरलेल्या अर्ध्या रस्त्याने पाठवायचं, हे तिचं काम. लोक जात होते, पण उपकार केल्यासारखे. हॉर्नवरचा हात कुणी काढत नव्हतं. एकाने काच खाली करून विचारलं, “रस्ता काय बापाचा आहे का?” एका मोटरसायकलवाल्याने तर बुटाच्या टोकाने कोन सारला, खाली आलेल्या दोरीवरून कडेने गाडी काढली आणि आडवा पडलेला कोन तसाच सोडून दिला. तिने उचलून जागेवर ठेवला. सकाळपासून ती हेच करत होती.

उद्या शाळा उघडणार होती. फाटकासमोरचे, मुलांनी रस्ता ओलांडायचे पट्टे कधीच पुसून गेले होते.

गाडी राखाडी होती. चालवणारा फोनवर बोलत होता. बायकोने झेंडा हलवला, मग दोन्ही हात वर केले, मग ओरडली. गाडी वळली नाही. दोरी तटकन तुटली, एक कोन चाकाखाली चेंगरला. बायकोने अंग बाजूला टाकलं म्हणून वाचली. गाडी चार ओल्या पट्ट्यांवरून गेली आणि वेग कमी न करता पुढच्या उजवीकडच्या गल्लीत शिरली.

“लागलं का गं?” रंगारी धावत आला.

तिचा तळहात सोलवटला होता. “माझं राहू द्या. पट्टे बघा आधी.”

रंगाऱ्याने पट्टे बघितले आणि त्याचं डोकंच फिरलं. डांबरावर चाकांचे पांढरे ठसे उमटले होते. ते रस्ता तिरका कापून गल्लीत गेले होते. त्याने रोलर डब्यात टाकला.

“अहो, कुठे निघालात?”

“विचारून येतो त्याला.”

“मारामारी करू नका हं!”

ठसे आधी ठसठशीत होते, मग फिकट होत गेले, आणि गल्लीतल्या तिसऱ्या घराच्या अंगणात संपले. गाडी तिथेच उभी होती. रंगाऱ्याने बेल दाबली. दार उघडलं ते एका चष्मेवाल्या, पन्नाशीच्या गृहस्थाने. चेहरा अगदी सभ्य.

“तुम्ही आत्ता माझ्या बायकोला उडवणार होता.”

“मी? कुठे?”

“शाळेसमोर.”

“तिथे तर कोणी नव्हतं हो!”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच कोणी दिसलं नव्हतं. हे कळलं आणि रंगाऱ्याचा संताप दुप्पट झाला.

“झेंडा होता हातात. लालभडक. ओरडत होती ती.”

“लक्ष नसेल माझं. महत्त्वाचा फोन होता.”

“चाक बघा तुमचं.”

गृहस्थाने वाकून चाक बघितलं. “अरे बापरे,” तो म्हणाला, “हा रंग निघतो ना?”

रंगाऱ्याच्या मुठी वळल्या. तेवढ्यात गृहस्थाची बायको ओले हात पदराला पुसत दारात आली. आतून तिने सगळं ऐकलं असावं.

“त्या बाईंना फार लागलंय का हो?”

“हात सोलवटलाय.”

ती नवऱ्याकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, “जा. माफी मागून या.”

“अगं, मला अकराला तिकडे...”

“जा म्हणतेय ना मी.”

दोघे निघाले. वाटभर गृहस्थ बोलत होता. “अशी कामं सुट्टीच्या दिवशी काढायला हवीत.”

“आज सुट्टीच आहे.”

“नाही, म्हणजे पाटी तरी मोठी हवी. दिसेल अशी.”

“तुम्ही तोडलीत त्याच दोरीवर होती.”

गल्लीच्या तोंडाशी येऊन रंगारी थबकला. रस्त्यापलीकडे त्याची बायको हाताला रुमाल गुंडाळून उभी होती. दुसऱ्या हाताने झेंडा हलवत होती, घसा फोडून ओरडत होती. तुटलेली दोरी जमिनीवर लोळत होती. दोरी नाही म्हणजे रस्ता मोकळाच, असं समजून गाड्या तिच्या दोन्ही बाजूंनी जात होत्या. सातपैकी एकही पट्टा धड राहिला नव्हता. पांढरे ठसे चहूकडे फुटले होते.

 गृहस्थाचा चेहरा उजळला.

“बघा! म्हणजे मी एकटाच नव्हतो!”

“चला,” रंगारी म्हणाला. “तिला सांगा हे.”

पलीकडे जायचं होतं. दोघे कडेला उभे राहिले. एक गाडी गेली, दुसरी गेली, पाचवी गेली. थांबेना कुणी. गृहस्थ वैतागला. त्याने हात वर केला आणि पाऊल रस्त्यात टाकलं. समोरून येणारी जीप तसूभरही बाजूला झाली नाही. रंगाऱ्याने त्याला सदरा धरून मागे खेचलं, तेव्हा जीप त्याच्या नाकासमोरून गेली. तो धप्पकन कडेच्या मातीत बसला. चष्मा एका कानावर लोंबत होता.

तो उठला तेव्हा त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता.

“दिसत नाही का त्याला? चांगला हात दाखवत होतो मी!” त्याने रंगाऱ्याचा दंड घट्ट धरला आणि अगदी कळवळून म्हणाला, “काय माणसं असतात हो एकेक!”