वाकड्या तळव्याचा राक्षस

"हा घे, पंखवाला. ह्याचे डोळे पण लाल पेटतात," नॉर्बर्ट म्हणाला.

चेटकिणीची टोपी घातलेल्या त्या पोरीने रबरी वटवाघळाचे पंख दोनदा उघडून-मिटून पाहिले, आणि बदल्यात आपल्या पिशवीतला छोटा करडा राक्षस त्याच्या तळहातावर ठेवला.

"पण हा उभा राहत नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली.

"असू दे. मी तरी कुठे फार वेळ उभा राहतो?"

हॅलोविनला अजून आठवडा होता, पण चर्चच्या आवारात पोरांना खाऊ वाटायला गाड्यांच्या डिक्या उघड्या होत्या. प्रत्येक डिकीत भोपळे, कापसाची जळमटं आणि चॉकलेटांची टोपली. सोंगं घेतलेली पोरं एका गाडीकडून दुसरीकडे पळत होती. नॉर्बर्टची टोपली अजून अर्धी भरलेली होती, पण आता त्याला तिथे थांबवेना. त्याने डिकी आपटली आणि घर गाठलं.

राक्षस अंगठ्याएवढा होता. शेवाळलेले खांदे, ओघळलेला जबडा, आणि पाठीवर त्याच्या जुन्या दोस्ताची, डेल्मरची खूण, बारीक चंद्रकोर. डेल दर हॅलोविनला गॅरेजमध्ये बसून असे राक्षस साच्यात ओतायचा. खेळण्यातली भुतं जमवणारे लोक त्यासाठी दोन-दोन राज्यं ओलांडून यायचे. एप्रिलमध्ये डेल गेला. नॉर्बर्ट अंत्यविधीला गेला नव्हता.

आठ वर्षांचे असताना दोघांनी खेळण्यांच्या एकाच यंत्रात नाणी टाकून रबरी भुतं जमवायला सुरुवात केली होती. पन्नास वर्षांची दोस्ती एका नाकावरून तुटली. डेलने भेट दिलेल्या लांडग्याचं नाक नॉर्बर्टला जरा जाड वाटलं, म्हणून त्याने ते कानशीने घासून बारीक केलं. डेलने ते पाहिलं.

"तुझ्या हातांना स्वस्थ बसवतच नाही रे. यापुढे माझ्या हातचं एकही भूत तुला मिळणार नाही."

सहा वर्षं त्याने शब्द पाळला. नॉर्बर्टच्या फळ्यांवर नऊशे भुतं होती, पण त्यातलं डेलचं असं एकच, ते बारीक नाकाचं. त्याच्याकडे बघितलं की अजूनही त्याचा जीव तुटायचा. आता हा दुसरा आला होता, आणि नॉर्बर्ट काही केल्या त्याला सोडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी डेलच्या बायकोचा, अर्लीनचा फोन आला.

"नॉर्ब, काल तुझ्याकडे कुठलं पोर करडा राक्षस घेऊन आलं होतं का? आमच्या पोरीने, रोन्डाने कपाटातला खोका बघितला, तिला वाटलं पोरांना वाटायचेत. बाराच्या बारा चर्चपाशी वाटून आली बया."

"नाही बुवा," नॉर्बर्ट म्हणाला. "साचा असेल ना? ओत की दुसरे."

"साचा आहे. पण हे दुसरे व्हायचे नाहीत. दिसला तर सांग. भेटल्यावर बोलू."

त्याने फोन ठेवला. इतक्या वर्षांत तो अर्लीनशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता.

त्यानंतर त्याला चैन पडेना. राक्षस फळीवर ठेवावा, तर डावा तळवा वाकडा असल्यामुळे तो तोंडावर पडायचा. काडेपेटीतली काडी खाली सरकवली, तरी पडला. मेणाचा ठिपका लावला, तरी थोड्या वेळाने पडलाच. दारावरची घंटा वाजली की नॉर्बर्ट त्याला रंगाच्या डब्यामागे लपवायचा आणि पुन्हा काढून बघत बसायचा. स्वतःच्याच घरात चोरासारखं वागतोय, हे त्याला कळत होतं.

बुधवारी दुपारी त्याने कानस घेतली. एवढंसंच, तो स्वतःला म्हणाला. कोणाला कळणारही नाही.

पाच मिनिटांचं काम. करडा भुगा टेबलावर पडला, त्याने तो ओल्या फडक्याने पुसला आणि फडकं सिंकमध्ये धुऊन टाकलं. राक्षस ताठ उभा राहिला. त्या रात्री नॉर्बर्टला शांत झोप लागली.

हॅलोविनच्या सकाळी अर्लीन दारात उभी होती. हातात डोनटचा खोका.

"अकरा मिळाले," ती स्वयंपाकघरात बसत म्हणाली. "घरोघर फिरले. एकाने तर कुत्र्याच्या गळ्यात बांधला होता. आज वाटायचेत, म्हणून आले. एक कमी पडतोय."

"कोणाला वाटायचेत?"

तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. "हॉस्पिटलात पडल्या पडल्या डेलने साचा कोरला. ओतायचं मला सांगून गेला. बारा दोस्त, बारा राक्षस. यादी त्याच्याच अक्षरात आहे, बघ."

पहिलं नाव नॉर्बर्टचं होतं. त्याने कागद जवळ ओढला.

"पण तो तर म्हणाला होता, मला कधीच…"

"त्याच्या हातचा मिळणार नाही, असं म्हणाला होता ना? हे माझ्या हातचे आहेत." ती हसली. "मुद्दाम अशी पळवाट काढली त्याने. स्वतः माघार घ्यायची नव्हती, पण तुझ्याकडे यायचं मात्र होतं."

नॉर्बर्ट उठला. रंगाच्या डब्यामागून राक्षस काढून त्याने तो तिच्यासमोर टेबलावर ठेवला. त्याला फार लाज वाटत होती, आणि तरीही सहा वर्षांत नव्हतं इतकं हलकं वाटत होतं.

"खोटं बोललो, अर्लीन. माफ कर."

"अरे, तुझाच तर आहे." तिने वाकून पाहिलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "हा उभा कसा राहिला?"

"तळवा जरासा घासला. फार नाही."

"भुगा कुठंय?"

"भुगा? तो फडक्याने पुसला. सिंकमध्ये गेला."

अर्लीनने राक्षस उचलून दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला.

"हा मी सगळ्यात शेवटी ओतला होता," ती हळूच म्हणाली. "मिश्रणात घालायला डेलची राख थोडी कमी पडली, म्हणून तर त्याचा तळवा वाकडा झाला."