दुसरी फेरी

फोन वाजला तेव्हा मबरूका राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत द्यायला शाळेच्या आवारात, बायकांच्या रांगेत उभी होती. सकाळपासून तिनं तो हातातच धरला होता, तरी पहिल्या घंटीला दचकली.

"आई, मत दिलंस?" लोत्फी थेट मुद्द्यावर आला. मार्सेयहून बोलत होता.

"रांगेत आहे रे. तू कसा..."

"चष्मेवाला. वरून तिसरा फोटो. विसरू नकोस."

"नाही विसरत. दारचं डाळिंब यंदा इतकं लागलंय, की फांद्या..."

"आई, माझ्याकडे पक्षानं साठ नावांची यादी दिलीय. सगळ्यांना फोन करायचेत. मत देऊन झालं की व्हिडिओवर बोट दाखव. शाई दिसली की मी नावापुढे खूण करतो."

"माझंही नाव आहे यादीत?"

"आहे ना. सत्तेचाळिसावं."

फोन बंद झाला. मागच्या निवडणुकीनंतरचा हा पहिलाच. मधल्या दोन्ही ईदना त्याच्याकडून नुसती गुलाबाची चित्रं आली होती.

"काय म्हणतो फ्रान्सचा साहेब?" मागून शेजारणीनं, सलवानं विचारलं.

"चष्मेवाल्याला दे म्हणतो."

"मी तर टकल्याला देणार. टीव्हीवर दाखवलं, त्याची बायको स्वतः बाजारात जाते आणि कल्ले उघडून मासा घेते. मासा पारखणारीनं नवरा काय डोळे मिटून घेतला असेल?"

पलीकडच्या पुरुषांच्या रांगेतून खमीस हसला. पोस्टातून निवृत्त झाला तरी गावातल्या प्रत्येकाच्या बोलण्यावर त्याचा शिक्का पडायचाच. "माझं मत मिशीवाल्याला. सैन्यात आम्ही एका तंबूत होतो. एका थंडीत त्यानं मला स्वतःचे मोजे दिले. मोजे देणारा माणूस देश बुडवेल का?"

"देश बुडवायला मोजे लागत नाहीत, खमीसभाऊ," सलवा म्हणाली.

सगळी रांग खुसखुसली. मबरूका मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "आज चष्मेवाला निवडून आला तर?"

"तर संपलं," खमीस म्हणाला. "पण त्याला अर्ध्याहून जास्त मतं पडायला हवीत. पडली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये पुन्हा निवडणूक. चार आठवड्यांनी. अगदी काठावर आहे म्हणतात, एकेका मतासाठी जीव टाकतायत सगळे."

"म्हणजे पुन्हा रांग? पुन्हा शाई?"

"पुन्हा सगळं."

"आणि पुन्हा यादी?"

"कसली यादी?" खमीसनं विचारलं. पण तोवर रांग पुढे सरकली होती.

आत दाराशीच एक मुलगी शाईची बाटली घेऊन बसली होती. मबरूकानं डाव्या हाताची तर्जनी बुडवली, कागद घेतला आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली.

वरून तिसरा चष्मेवाला. माणूस खरंच बरा दिसत होता. लोत्फीच्या पहिलीच्या गुरुजींसारखा, शांत. त्याच्या चौकोनावर तिनं पेन टेकवलं. घर सोडल्याला सहा वर्षं झाली, त्या सहा वर्षांत लोत्फीनं आपल्या आईकडे मागितलेली एकच गोष्ट म्हणजे मत.

बाहेर कुणीतरी खाकरलं.

मबरूकानं पेन उचललं. दोन फोटो सोडून खाली मिशीवाला होता. तो कोण, काय करणार, तिला कशाचाच पत्ता नव्हता. पण चष्मेवाल्याच्या खालोखाल त्याचंच नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तिनं त्याच्या चौकोनात फुली मारली. तीच फुली पुन्हा एकदा गिरवली. कागदाची घडी घालून पेटीत टाकली आणि कुणी हाक मारून परत बोलवेल अशा घाईनं बाहेर आली.

आवारातल्या भिंतीशी उभं राहून तिनं व्हिडिओ लावला. लोत्फी दिसला. मागे एका लांब टेबलाशी चार-पाच जण कानाला फोन लावून बसले होते.

"वाळलास रे."

"दाखव, बोट दाखव."

तिनं दाखवलं.

"चष्मेवालाच ना?"

मबरूकानं बोट आणखी जवळ नेलं, इतकं जवळ, की पडद्यावर निळ्या रंगाशिवाय काही उरलं नाही.

"शाब्बास. सत्तेचाळीस झालं," लोत्फीचा आवाज आला. "पहिल्या फेरीतच संपतंय बघ. मग सुटलो."

"आणि नाही संपलं तर?"

"तर आहेतच पुन्हा साठ फोन. ठेवतो आई, अठ्ठेचाळीसवाले काका उचलत नाहीयेत."

पडदा काळा झाला. त्यात तिला स्वतःचं बोट दिसलं. तिनं ते खाली घेतलं.

सलवा मत देऊन बाहेर आली आणि घरी चल म्हणाली. "तू हो पुढे," मबरूका म्हणाली आणि उलट वळून दारातल्या शाईवाल्या मुलीपाशी गेली.

"पोरी, ही शाई किती दिवसांत जाते गं?"

"आठ-दहा दिवस, मावशी. फार तर पंधरा. घासू नका, घासून जात नाही."

"चार आठवड्यांत नक्की जाईल ना?"

"जाईल की. का हो?"

"काही नाही," मबरूका म्हणाली. "तेव्हा कोरं बोट लागेल."