शिशाचा बिल्ला

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ऑकिनब्रे गावच्या चर्चच्या दारात मंडळीचे पंच कारफ्रे काळा कोट चढवून उभे होते आणि एकेकाच्या तळहातावर शिशाचा बिल्ला ठेवत होते. बिल्ला असेल त्यालाच उद्या प्रभूच्या मेजाशी बसता येणार. टॅम लोहाराचा हात पुढे आला तसे ते थांबले.

"तुला नाही, टॅम. गेल्या रविवारी, ऐन शब्बाथला, तुझ्या हातोड्याचा आवाज सगळ्या गावानं ऐकलाय."

"डॉक्टरांच्या घोड्याचा नाल निखळला होता, पंच. तिकडे बाई अडली होती."

"देवाचा दिवस तो देवाचा. सर बाजूला."

टॅम घरी आला. त्याची बायको एफी ओटच्या भाकरी थापत होती. झालं ते ऐकून ती भडकलीच.

"अरे, ते बिल्ले ओतले कुणी? तूच ना? साचा अजून भट्टीपाशी पडलाय. ओत की स्वतःसाठी एक, कुणाला कळणार आहे?"

"आणि चोरून त्या मेजाशी बसू?"

"मग तिथंच चारचौघांत सांगायचंस, ती अडलेली बाई त्या कारफ्रेचीच लेक होती म्हणून! का म्हाताऱ्याला माहीतच नाही, डॉक्टर कुणासाठी धावत होता ते?"

टॅमने टोपी खुंटीला अडकवली.

"न माहीत असायला काय झालं? घोड्याचा लगाम धरून म्हाताराच तर उभा होता. 'जोरात हाण, टॅम, जोरात हाण,' म्हणून ओरडत होता."