काचेतली कारवी

घाटातल्या देवीला काचेआडून नमस्कार करायचा नाही, अशी वैजयंतीच्या सासरची रीत. वळणावर तिने खिडकी चार बोटं खाली केली, हात जोडले आणि ती किंचाळलीच, "अहो, माणूस पडलाय!"

मकरंदने समोरच्या काचेतून पाहिलं. "कुठे? नुसती कारवी फुललीय."

काचेतली कारवी बारा महिने फुललेलीच असे. फटीतून मात्र तिथे उलटलेली स्कूटर दिसत होती.

"काचेने फुलं दाखवून झाकलंय त्याला! इथून बघा."

"झाकलंय म्हणजे बघण्यासारखं नसणार. अपघात पाहून तुलाच झोप लागेना, म्हणून बसवल्या ना या काचा? खिडकी वर कर, धूळ येतेय."

"गाडी, थांब!" ती ओरडली. आपोआप चालणारी गाडी कडेला थांबली, तशी ती धावत सुटली.

स्कूटरवाला तरुण शुद्धीवर होता. "मावशी, कितीतरी गाड्या गेल्या," तो पुटपुटला. "सगळे माझ्याकडे बघून हसत होते."

तिने ओढणीचा बोळा त्याच्या मांडीवर दाबला. तिचे हात, कपडे रक्ताने भरले. "अहो, लवकर या!" ती वळून ओरडली.

मकरंदने खिडकी बंद केली होती. तो थेट तिच्याकडेच बघत होता. आधी त्याच्या कपाळावर आठी होती, मग ती विरली आणि तो हसला.

तिचा फोन वाजला.

"अगं, काय फुललंय तिथे! पण तू कुठे दिसत नाहीस ती?"