मालकीण चिखलात उतरते

राखी चिखलात बसली ती एकदम फतकल मारून. गढूळ पाणी छातीपर्यंत उडालं. बांधीत धानाची रोपं लावत रोवणा करणाऱ्या बाया कंबर सरळ करून हसायला लागल्या.

"जवाहरनगरच्या क्वार्टरातली पोरगी हाये बाई," शोभाताई म्हणाली, "तिले खाली फरशी पायजे."

राखीची सासू मंदाबाईही खो खो हसत होती. वर्षभर जिचे दात कोणाला दिसत नाहीत, ती मंदाबाई रोवण्यातच काय ती हसते, हे सगळ्या सिहोऱ्याला माहीत. दूरच्या लग्नाला ती जात नाही. "कोणाच्या दारी जेवाले मी काय उपाशी हाये?" म्हणते. पण रोवणा लागला की मालकीण असून सगळ्यांच्या आधी बांधीत उतरते आणि सगळ्यांच्या मागून निघते. गाव तिच्या कष्टाचं नाव घेतं. तीही घेऊ देते.

हसता हसता ती थांबली. राखीला आधी ठसका लागला होता. ठसका लागला, तिनं मांड्या आवळल्या आणि मग ती बसली. पाय घसरलेली बाई हात टेकते. राखीनं तर हातातली पऱ्ह्यांची, रोपांची जुडीसुद्धा सोडली नव्हती.

कालच या पोरीनं सख्ख्या भावाच्या लग्नाला येत नाही म्हणून फोनवर सांगून टाकलं होतं. वरात बसनं बालाघाटला जाणार होती. मंदाबाईनं तोंडसुख घेतलं होतं, "भाऊ काय दरसाल लगन करन काय?"

बाया शिदोरी सोडायला बांधीच्या कडेला धुऱ्यावर गेल्या. राखी पाण्यातून निघेना. मंदाबाई तिच्याजवळ गेली.

"तू घसरली नाही. बसली."

राखीनं ओला पदर कमरेभोवती ओढून घेतला.

"तुहा मोनू झाला तवापासून?"

राखीनं मान हलवली. "खोकलं का होते, हसलं का होते. लघवी थांबतच नाही, आत्याबाई. त्या बसमधी, नव्या साडीत, चार लोकांत... नाही जमत मले. इथं सगळ्याच ओल्या. कोण कशानं ओली, कोणी पायत नाही." मग हळूच म्हणाली, "यांले सांगू नका."

मंदाबाईच्या जिभेवर नेहमीचं काहीतरी आलं. ते तिनं गिळलं.

"मंग जलमभर असंच काय?"

"टीना म्हणते, उपाय हाये." टीना ही राखीची बहीण, नर्स. "बाळंतपणात खालचे स्नायू ढिले पडतात म्हणे. ते आवळाचा व्यायाम रायते, रोज कराचा, दोन-तीन महिने. डॉक्टरीणबाई आधी तपासते, मंग शिकवते. लई बायांले फरक पडते. म्हाताऱ्यांलेबी."

मंदाबाई खाली वाकली होती, तशीच राहिली.

"म्हाताऱ्यांलेबी?"

"असं म्हणते."

धुऱ्यावरून शोभाताई ओरडली, "मालकीण, जेवाले मुहूर्त पाऊन राहिल्या काय?"

"तू गीळ आधी," मंदाबाईनं तिकडे न पाहता सांगितलं. मग राखीला म्हणाली, "उद्याच तुमसरले जाऊ. डॉक्टरीणबाईले दाखवू."

"भर रोवण्यात? घरी काय सांगू?"

"माहं नाव सांग. आईले लघवीचा तरास हाये, दाखवाले नेतो म्हणाव भुपेंद्रले."

"माह्यासाठी तुमी कायले खोटं अंगावर घेता, आत्याबाई?"

मंदाबाईनं लुगड्याचा पिळलेला काठ सोडून दिला.

"खोटं कोण म्हणते?" ती म्हणाली. "तुह्या नवऱ्याच्या बाळंतपणापासून हाये माहं. मजुरी देऊन बाया लावतो, तरी मालकीण सोता चिखलात उतरते. तुले काय वाटलं, मले हौस हाये?"