अंगठ्याची दोरी

आमचं लेकरू दिवसा झोपायचं आणि रात्री टक्क डोळे उघडे ठेवून आढ्याकडं बघत पडायचं. म्हणून मी शिस्त लावली. दिवेलागणीला तेल, मग कोमट पाण्यानं अंघोळ, मग दूध, मग झोळी. रोज अस्संच. आठवड्याभरात तेलाची बाटली उघडली की सासूबाई पेंगायच्या आणि पाणी तापलं की नवरा घोरायला लागायचा. लेकरू तेवढं जागं.

त्या दिवशी नवरा डोंगरकडा गावाला गाडीत केळी भरायला गेला होता. लेकराला माजघरातल्या झोळीत टाकून, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी भिंतीपलीकडं चुलीपुढं भाकरी थापत बसले. पायानंच झोका चालू होता. भाकरी उलटताना माझा पाय थांबला.

दोरी थांबली नाही. तीच माझा अंगठा ओढायला लागली, बराबर लयीत.

सासूबाई झोका देत असतील. "आत्याबाई, राहू द्या, मी देते," मी हाक मारली.

त्या मागच्या दारातून आत आल्या. खांद्यावर लेकरू.

"ह्याला मी कवाच उचलून अंगणात नेलंय. रिकामी झोळी काहून हलवून राहिलीस, बाई?"

"मी न्हाई हलवत."

दोघींनी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं गाठ सोडली.

झोका थांबला आणि झोळीत कुणीतरी भोकाड पसरलं.

सासूबाईंच्या खांद्यावर गाढ झोपलेलं आमचं लेकरू चुळबुळलं.

"बांध परत," सासूबाई कुजबुजल्या. "लवकर बांध. न्हाईतर हे उठंल."